फाटक उघडे होते, कासव मात्र घरातच होते

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो या महानगराच्या पश्चिम भागात रिअलेंगो नावाचे उपनगर आहे. तेथील एका कुटुंबात मानुएला नावाचे लाल पायांचे कासव मुलांचा जीव की प्राण होते. १९८२ साली घराच्या दुरुस्तीचे काम निघाले. कामगारांची ये-जा सुरू झाली, फाटक उघडे राहू लागले आणि एके दिवशी कासव दिसेनासे झाले. कामगारांनी फाटक उघडे ठेवले, त्यातून कासव बाहेर गेले, असा निष्कर्ष घरातील सर्वांनी काढला. मुलांना फार वाईट वाटले; परंतु काळाच्या ओघात तो विषय मागे पडला.

त्यानंतर ३० वर्षे लोटली. घरातील वडिलांना एक सवय होती. लोकांनी टाकून दिलेली विजेची उपकरणे, जुने रेडिओ, दूरचित्रवाणी संच ते घरी आणीत आणि माडीवरील खोलीत साठवीत. कोणता सुटा भाग कधी उपयोगी पडेल याचा नेम नाही, ही त्यांची धारणा. ती खोली बंद असे; तेथे इतरांना प्रवेश नव्हता. २०१३ च्या प्रारंभी, वडिलांच्या निधनानंतर, मुलांनी ती खोली आवरण्यास घेतली. एका मुलाने जुन्या ग्रामोफोनचे खोके उचलून रस्त्याच्या कडेला कचऱ्यात ठेवले. तेव्हा एका शेजाऱ्याने सहज विचारले, हे कासवही टाकून देणार का? खोक्यात मानुएला होती, आणि जिवंत होती.

ही वार्ता प्रथम ब्राझीलच्या दूरचित्रवाणीवर आणि पाठोपाठ जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. लाल पायांची कासवे दोन ते तीन वर्षे अन्नावाचून राहू शकतात, आणि लाकडी सामानाने भरलेल्या त्या खोलीत वाळवी व लहानसहान किड्यांवर या कासवाने निर्वाह केला असावा, असे मत तेथील पशुवैद्यकाने त्या वेळी व्यक्त केले.

या घटनेतील नवल बाजूला ठेवले तरी एक बोध उरतो. घरच्यांची नजर चुकली नव्हती. चुकले होते ते अनुमान. 'फाटक उघडे होते' ही वस्तुस्थिती होती. 'म्हणून कासव बाहेर गेले' हा तर्क होता. तर्क वस्तुस्थितीच्या जागी बसला आणि घरातील शोध तेथेच थांबला. पेढीवर सायंकाळी रोजमेळ जुळेनासा झाला की अनुभवी मुनीम रस्त्यावर धावत सुटत नाही. तो वही पुन्हा उघडतो आणि पहिल्या नोंदीपासून बोट ठेवीत खाली येतो. तफावत बहुधा स्वतःच्याच वहीत सापडते. हरवलेल्या पाळीव सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

न्यूयॉर्कमधील आठवडा

रिअलेंगोच्या कुटुंबाने जे केले नाही, ते न्यूयॉर्कमधील एका प्राणिसंग्रहालयाने केले. मार्च २०११ मध्ये तेथील ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून इजिप्शियन जातीची, सुमारे २० इंच लांबीची एक तरुण नागीण पेटीतून नाहीशी झाली. साप अत्यंत विषारी. शहर लक्षावधी वस्तीचे. वृत्तपत्रांत खळबळ माजली. थट्टेखोरांनी त्या नागिणीच्या नावाने समाजमाध्यमावर खाते उघडून ती शहरभर फिरत असल्याच्या गमती लिहिल्या.

संग्रहालयाचे अधिकारी मात्र शहर धुंडाळीत बसले नाहीत. भयभीत साप उघड्यावर भटकत नाही, जवळच्या अरुंद, अंधाऱ्या जागेत शिरतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सर्पगृहाची इमारत लोकांसाठी बंद केली, आत शांतता ठेवली आणि भूक व तहान लागल्यावर प्राणी हालचाल करील याची वाट पाहिली. सुमारे आठवड्याने ती नागीण त्याच इमारतीच्या एका काळोख्या कोपऱ्यात वेटोळे करून बसलेली आढळली. इमारत बंद करणे, घाई टाळणे आणि प्राण्याच्या स्वभावावर विसंबणे या तीन गोष्टींनी काम झाले. घरगुती शोधाचा पायाही याच तीन गोष्टींचा आहे.

तो पळत नाही, आडोसा शोधतो

कुत्रा किंवा मांजर हरवते तेव्हा त्याला नावाने हाक मारता येते. सरपटणारे प्राणी हाकेला येत नाहीत. परंतु त्यांचे वर्तन एका अर्थाने अधिक नियमबद्ध असते. त्यांच्या शरीरात माणसाप्रमाणे स्वतःची ऊब निर्माण होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे पेटीबाहेर पडलेला प्राणी तीन गोष्टींच्या शोधात असतो: अंगाला मानवेल अशी उष्णता, अंधार आणि चारी बाजूंनी अंगाला स्पर्श करणारी अरुंद जागा. भूक हा त्यानंतरचा प्रश्न.

पाळीव सापांत प्रसिद्ध असलेला बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी अजगर दिवसा उंदरांच्या बिळात वा वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. घरात त्याला बीळ मिळत नाही. परंतु सोफ्याच्या पोटातील पोकळी, खणाच्या मागची रिकामी जागा किंवा शीतकपाटाचा तळ त्याच्या लेखी बीळच होय. हा साप कित्येक महिने अन्नावाचून राहू शकतो. म्हणजेच चार दिवस लोटले, प्राणी दिसला नाही, म्हणून तो मेला असे गृहीत धरण्याचे कारण नाही. शोध सोडून देणे हाच त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका.

अर्थात धोका इतरही बाजूंनी असतो. थंडीने प्राणी सुस्तावतो, त्याचे पचन मंदावते, हालचाल थांबते. पाणी न मिळाल्यास शरीर शुष्क होते. मागे-पुढे सरकणाऱ्या आरामखुर्चीच्या सांध्यात, घडीच्या पलंगात किंवा दाराच्या फटीत तो चिरडला जातो. शीतकपाटाच्या यंत्राला चिकटून बसला तर भाजतो. आणि तो साप असेल, तर शेजारच्या घरात शिरताच काठीचा पहिला घाव त्याची वाट पाहत असतो. सबब पहिला तास महत्त्वाचा.

पहिला तास

पेटी रिकामी दिसली म्हणजे ती रिकामीच असते असे नाही. अनेक प्राणी वाळूत, भुशात किंवा शोभेच्या लाकडाच्या पोकळीत दडलेले असतात. प्रथम पेटीतील प्रत्येक वस्तू एकेक करून बाहेर काढावी, तळातील भुसा हाताने चाळावा, मागील सजावटीचा पुठ्ठाही तपासावा. पेटीत प्राणी नाही याची खात्री झाल्यावरच पुढची पायरी.

घरातील सर्व खोल्यांची दारे लावून घ्यावीत आणि दारांखालील फटी जुन्या टॉवेलांनी बुजवाव्यात. न्हाणीघरातील मोरीवर जाळी व वजन ठेवावे, शौचकूपाचे झाकण लावावे, खिडक्या व सज्जाचे दार बंद करावे. छताचे पंखे थांबवावेत, कारण चढणारे प्राणी उंच जागी असू शकतात. कपडे धुण्याचे यंत्र आत पाहिल्यावाचून सुरू करू नये. सोफ्यावर बसू नये, घडीचा पलंग उघडू वा मिटू नये, दिवाणाची फळी दाणकन टाकू नये.

फिनाईलने फरशी पुसणे, कीटकनाशक फवारणे आणि डांबराच्या गोळ्या टाकणे या गोष्टी शोध पूर्ण होईपर्यंत वर्ज्य समजाव्यात. हे पदार्थ सरपटणाऱ्या प्राण्यांना विषासमान ठरू शकतात. उंदरांसाठी मिळणारे चिकट पुठ्ठे तर अजिबात वापरू नयेत. त्यावर चिकटलेला साप वा पाल सुटण्यासाठी धडपडून कातडी फाडून घेते. कोणाच्या घरी असा प्रसंग ओढवलाच, तर ओढाताण न करता खाद्यतेल हळूहळू सोडीत अंग मोकळे करावे आणि पशुवैद्य गाठावा.

यानंतर कागद घेऊन टाचण करावे. प्राणी शेवटचा केव्हा दिसला, कोणी पाहिला, पेटी कोणी व कशासाठी उघडली, त्यानंतर कोणती दारे उघडी होती, घरी कोण आले-गेले. आठवणीवर विसंबले की प्रत्येकाची हकीकत निराळी होते. लिहून काढले की शोधाची दिशा ठरते.

साठा मोजावा तसा शोध

घरात शोध सुरू झाला की सर्वसाधारणपणे काय घडते? एक जण पलंगाखाली पाहतो, दुसरा स्वयंपाकघरात, तिसरा पुन्हा त्याच पलंगाखाली. अर्ध्या तासात सर्वांनी सर्वत्र पाहिलेले असते आणि कोणीही काहीही पूर्ण पाहिलेले नसते. गोदामातील साठा असा मोजला तर वर्षअखेर निस्तरणार नाही. शोध पेटीच्या खोलीपासून सुरू व्हावा, दाराच्या डाव्या बाजूने भिंतीला धरून पुन्हा दारापर्यंत यावा. तपासलेली प्रत्येक वस्तू टाचणात नोंदवावी. खोली पूर्ण झाली की ती बंद करून, फट बुजवून, मग दुसरी उघडावी.

भिंतीला धरून जाण्यास कारण आहे. उघड्या फरशीवर हे प्राणी फार वेळ थांबत नाहीत. भिंतीच्या कडेने सरकत पहिल्या आडोशात शिरतात. कासव सरळ चालत जाऊन भिंतीला भिडते आणि मग भिंतीच्या कडेने कोपरा गाठते. कपाटाखाली अडकून ते दिवसचे दिवस निश्चल राहू शकते. कासवे दिवसा वावरतात; म्हणून दुपारी घर शांत असताना लाकडावर कवच घासल्याचा आवाज येतो का, याकडे कान द्यावा.

सापाच्या शोधात सोफा उलटा करून खालचे कापड फाटले आहे का पाहावे. खण पूर्ण बाहेर काढावेत, केवळ उघडू नयेत, कारण साप खणात नसून खणामागे असतो. ज्या छिद्रातून डोके जाते त्यातून बहुधा सारे शरीर जाते. गुंडाळलेल्या गाद्या, बूट, पुस्तकांच्या रांगेमागील मोकळी जागा, ध्वनिवर्धकाची पेटी या जागा तपासाव्यात. शीतकपाटामागे हात घालण्यापूर्वी वीजजोडणी काढावी.

इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील सरडा झाडावर राहणारा. त्याला जमिनीवर शोधण्यात वेळ दवडू नये. पडद्याची दांडी, कपाटाचा माथा, माळा, खिडकीची वरची चौकट येथे नजर टाकावी. ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन उन्हाचा भोक्ता. सकाळची तिरीप खिडकीतून जेथे पडते तेथे तो येऊन बसण्याचा संभव अधिक. याउलट लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल आपल्या घरच्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. ती निशाचर असून जमिनीलगतच्या फटीत, चपलांच्या कपाटाखाली दडते.

शोधात ऋतूचाही विचार करावा. परदेशी माहितीपत्रकांत नेहमी उबदार जागा पाहा असे सांगितलेले असते, कारण तेथील घरे थंड असतात. नाशिक-पुण्याकडील डिसेंबरात ते खरे आहे. तेव्हा शीतकपाटाची मागची बाजू, विजेचा इन्व्हर्टर, दूरचित्रवाणीजवळील यंत्रे, स्वयंपाकाच्या ओट्याखालची जागा प्रथम पाहावी. परंतु विदर्भातील मे महिन्यात प्राणी उष्णतेपासून पळत असतो. त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याचा माठ, मोरीचा कोपरा, न्हाणीघरातील पालथी बादली, कूलरखालची ओल या जागांना अग्रक्रम द्यावा.

रात्रीचा पहारा

दिवसा हाती न लागलेला निशाचर प्राणी रात्री स्वतः बाहेर येतो. मात्र त्यासाठी घर निःशब्द हवे. निजानीज झाल्यावर दिवे मालवून एकाने हातात बॅटरी घेऊन बसावे. मधूनमधून जमिनीलगत झोत टाकला तर पालीचे डोळे चमकतात. भिंतीच्या कडेने चुरचुरणारा कागद किंवा प्लास्टिकच्या पिशव्या अंथरल्या तर त्यावरून प्राणी सरकल्याचा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

प्राणी कोणत्या खोलीत आहे हेच कळत नसेल तर उंबरठ्यावर पिठाची रेघ ओढावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. आपल्या घरात पिठाला मुंग्या लागतात आणि एका जिवाच्या शोधात शेकडो जिवांवर पाय पडतो. त्याऐवजी दगडी रांगोळीची पातळ रेघ पुरेशी होते. सकाळी रेघ मोडलेली दिसली की प्राणी त्या वाटेने गेला हे निश्चित, आणि सापाचा लपेटा व कासवाची पावले यांतील फरकही स्पष्ट उमटतो. चौकटीच्या तळाशी आडवा चिकटवलेला साधा दोराही हेच काम करतो. तो सुटलेला दिसला म्हणजे झाले.

प्राण्याला बोलावून घेण्याचाही एक सौम्य मार्ग आहे. एका पुठ्ठ्याच्या खोक्याला बाजूने दार कापावे. हिवाळ्यात आत कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवावी; उन्हाळ्यात ओला टॉवेल पुरे. शेजारी उथळ ताटलीत पाणी असावे. असे खोके प्रत्येक खोलीत भिंतीला लागून ठेवून सकाळ-संध्याकाळ पाहावे. ऊब, अंधार, आडोसा आणि पाणी एकत्र मिळाल्यावर प्राणी पुष्कळदा आपण होऊन आत येतो. पाण्याच्या ताटल्या तो सापडेपर्यंत, मग महिना लागो, रोज भरून ठेवाव्यात.

अनोळखी सापाशी गफलत नको

घरात साप हरवला असताना अंधारात साप दिसला, की तो आपलाच, असे मानण्याकडे मनाचा कल होतो. येथे पुन्हा अनुमान वस्तुस्थितीची जागा घेते, आणि या वेळी ते प्राणघातक ठरू शकते. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप आहेत; पैकी मण्यार रात्रीच्या वेळी घरात शिरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. संपूर्ण शरीर उजेडात स्पष्ट दिसून ओळख पटल्याशिवाय हात पुढे करू नये. शंका असल्यास दूर उभे राहून त्यावर लक्ष ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून अधिकृत सर्पमित्राची मदत घ्यावी. दंश झालाच तर गावठी उपचारांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.

शेजाऱ्यांना कळवण्यात पुष्कळांना संकोच वाटतो. लोक काय म्हणतील, संस्थेत चर्चा होईल, ही भीती असते. परंतु शेजारच्या घरात पाळण्यातले मूल असू शकते, वृद्ध आजी असू शकतात. त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्राण्याचे छायाचित्र, तो विषारी आहे की नाही, दिसल्यास मारू नये, कोणाला बोलवावे, एवढा मजकूर गृहसंस्थेच्या चिटणीसांना व पहारेकऱ्याला देणे हे प्राण्याच्याही हिताचे आहे. माहिती असलेला शेजारी दार बंद करून दूरध्वनी करतो. माहिती नसलेला काठी उचलतो.

सापडल्यानंतर

प्राणी दिसताच झडप घालण्याचा मोह आवरावा. लेपर्ड गेकोची शेपटी धरली तर ती तुटून हातात येते. फटीत शिरलेल्या सापाला शेपटीकडून खेचले तर तो शरीर फुगवून घट्ट धरतो आणि त्याच्या मणक्यांना इजा होते. शक्य असेल तेथे फट मोकळी करावी, म्हणजे खण काढावा, फळी सोडवावी. नाहीतर तो स्वतः बाहेर येईपर्यंत थांबावे.

थंडीने गारठलेल्या प्राण्याला दिव्याखाली एकदम शेकू नये. पेटी हळूहळू उबदार करावी. कासवाला कोमट पाण्याच्या उथळ घमेल्यात, पाणी हनुवटीच्या खालीच राहील अशा बेताने, १५ ते २० मिनिटे ठेवावे. अंगावर भाजल्याच्या खुणा, सूज, जखमा आहेत का पाहावे. भाजलेले कधीकधी काही दिवसांनी उघड होते. वजन करून पूर्वीच्या नोंदीशी ताडावे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे.

माणसांच्या आरोग्याचीही काळजी हवी. या प्राण्यांच्या विष्ठेत व अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि प्राणी पूर्ण निरोगी दिसत असतानाही ते माणसाला बाधतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे, आणि पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरांत असे प्राणी ठेवू नयेत असा तेथील आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. प्राणी ज्या ज्या जागी फिरला त्या जागा साबणाने धुवाव्यात, ओट्यावरील उघडी भांडी पुन्हा घासावीत आणि प्राण्याला हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दायित्वाची बाजू

प्राणी सापडला म्हणजे प्रकरण मिटले, असे नाही. ज्या घरातून तो निसटला ते घर त्याला योग्य आहे का, हा प्रश्न याच वेळी विचारला पाहिजे.

पहिली कसोटी कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तारांकित कासव, घोरपड, अजगर, नाग यांसारखे भारतीय वन्यजीव घरी पाळता येत नाहीत. घरात जिवंत कासव असले की लक्ष्मी नांदते या समजुतीपायी अनेक व्यापारी कुटुंबांत तारांकित कासव आणले जाते. वस्तुतः त्या समजुतीनेच या कासवांची चोरटी खरेदी-विक्री फोफावली. २०१९ साली या जातीला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक परिशिष्टात स्थान द्यावे लागले. भगवान मुनिसुव्रतांचे लांछन कासव आहे आणि भगवान पार्श्वनाथांचे सर्प. ती चिन्हे वंदनासाठी आहेत, पेटीत कोंडण्यासाठी नव्हेत. परदेशी जातींच्या बाबतीत २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचीत समाविष्ट प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली असून त्यासंबंधीचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदणी केंद्र शासनाच्या परिवेश या संकेतस्थळावर होते. बॉल पायथन, इग्वाना पाळणाऱ्यांनी आपले कागदपत्र आजच तपासावेत.

दुसरी कसोटी आहाराची. साप शाकाहारी होऊ शकत नाही. त्याला उंदरासारखे भक्ष्यच लागते. त्याला दूध वा पनीर देणे ही दया नसून उपासमार आहे. ज्या घरात असे अन्न आणणे शक्य नाही, त्या घराने साप विकत घेण्यापूर्वीच थांबावे. नंतर होणारी मनाची ओढाताण आणि प्राण्याचे हाल, दोन्ही टळतात.

तिसरी कसोटी काळाची. काचेच्या भांड्यात रुपयाएवढे दिसणारे लाल कानांचे कासव मोठेपणी ताटलीएवढे होते आणि २० ते ४० वर्षे जगते. बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगू शकतो. आठ वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेला प्राणी, ते मूल पदवीधर होऊन संसाराला लागले तरी त्याच पेटीत असतो. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. दायित्व मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढावे लागते. ते झेपत नाही म्हणून जवळच्या तलावात सोडून देणे हा मार्ग नव्हे. लाल कानांचे कासव मूळचे अमेरिकेच्या दक्षिण भागातील; सोडून दिलेल्या अशा कासवांनी अनेक देशांतील स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावली, आणि जगातील १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचा समावेश झाला. जीवदयेच्या भावनेने सोडलेला एक जीव अशा रीतीने असंख्य जिवांच्या मुळावर येतो. पालनपोषण अशक्य झाल्यास वन विभाग किंवा अधिकृत प्राणी बचाव केंद्राशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग.

दोन किल्ल्यांची शिस्त

ज्यांच्याकडे प्राणी कायदेशीररीत्या आहे आणि जे तो सांभाळू शकतात, त्यांच्यासाठी सुरक्षिततेचा एक जुना नियम उपयोगी आहे. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे असतात. एकट्याने ती उघडत नाही आणि बंदही होत नाही. पेटीच्या बाबतीत असेच करावे. एकाने झाकण लावावे, दुसऱ्याने कडी ओढून पाहावी. साप नाकाने झाकण सतत ढकलून पाहतो, म्हणून केवळ वजन ठेवणे पुरेसे नसते. दोन्ही बाजूंना कड्या हव्यात. दिव्याची वायर जाते ते छिद्र बुजलेले आहे का, वाढत्या प्राण्याला पेटी अपुरी पडू लागली आहे का, हे महिन्यातून एकदा पाहावे. त्याच दिवशी वजन व छायाचित्र नोंदवहीत घ्यावे.

प्राणी निसटण्याचे प्रसंगही ठरलेले असतात. पेटी साफ करताना आलेला दूरध्वनी, पाहुण्यांच्या मुलांनी उघडलेले झाकण, रंगकाम, घराची दुरुस्ती, दिवाळीची झाडलोट, लग्नघरातील गडबड. या दिवसांत पेटी एका बंद खोलीत हलवून दारावर चिठ्ठी लावावी आणि खोलीची जबाबदारी घरातील एकाच मोठ्या माणसाच्या नावाने सोपवावी. जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही. पेटीतील जिवाला ना दार उघडता येते, ना मदतीसाठी ओरडता येते. त्याच्या वतीने लक्ष ठेवणारा एक तरी माणूस घरात असावा, आणि तो कोण हे प्राणी आणण्याच्या दिवशीच ठरावे.